गाडी बंदद

लाइट गेली म्हणून गच्चीवर आलाय की माझ्याकडं, न्हायतर म्हाताऱ्याला कोण विचारतंय! बसा. अपेक्षा, तो मोबाइल पालथा ठेव बाई, डोळ्यात उजेड येतोय. आन् नंदीश, मधी फिदीफिदी हसायचं आसंल तर आत्ताच खाली जा. मी उभी हयात एस्टीची ड्रायव्हरकी केली, रात्रीचे रस्ते मला कुणी सांगू नयेत. ही गोष्ट आपल्या खालच्या मजल्यावरच्या नईमची. मोबाइल रिपेरीवाला नईम रे, शेखलालचा थोरला. तो आन् त्याची बायको नाजनीन सोलापूर सोडून पुण्याला गेली. लोक म्हणत्यात धंद्यासाठी गेली. कसला धंदा आन् कसलं काय!

नईमला एक नाद व्हता. इंटरनेटवर एक नकाशा हाय, जगातली माणसं मिळून काढत्यात. कुणी आपल्या गल्लीतला पिंपळ दाखवतो, कुणी पाणवठा. पगार न्हाय, बक्षीस न्हाय. नईमनं मेलेल्या रेल्वेलाइनी घेतल्या. रूळ उखडल्यात, ठेसनं पडल्यात, असल्या लाइनी शोधायच्या आन् नकाशावर चढवायच्या. नाजनीन म्हणायची, "लोक नव्या गाडीचं टायमिंग बघत्यात, आन् आमचं येडं मेलेल्या गाड्यांच्या मागं." माझ्या मथुराबाईला तर ती सांगायची, "काकू, तो लॅपटॉप म्हंजे माझी सवत हाय." पण चिडवता चिडवता त्याला चहा करून द्यायची. वर्सबी झालं नव्हतं लग्नाला.

तर अक्कलकोटच्या अंगाला एक जुनी दगडाची खाण हाय. गावाचं नाव सांगत न्हाय, उद्या गाड्या काढून पळाल. त्या खाणीतनं मोठ्या रेल्वेलाइनीपर्यंत दगड वाहायला एके काळी छोटी गाडी व्हती. रूळ गेले, भराव ऱ्हायला, त्यावर बाभळी वाढल्या. वरनं काढलेल्या फोटोत उसाच्या रानातनं भांग पाडल्यागत रेघ दिसायची. नईमला सगळं घावलं, एक सोडून. ती लाइन डांबरी रस्ता कुटं ओलांडत व्हती? फाटक नेमकं कुटं? आन् त्यांच्यात नियमच हाय, जागेवर गेल्याबिगर चढवायचं न्हाय.

मागल्या वर्सी, तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस. नाजनीनचं माहेर अक्कलकोट. तितनं जेवून दोघं स्कूटीवर परत निघाली. नईम म्हणला, आतल्या रस्त्यानं जाऊ, जवळ पडतं. जवळ कसलं पडतंय! तिला कळलं की. पण गप बसली. नऊचा सुमार. वर टिपूर चांदणं, दोन्ही अंगाला डोक्याच्या वर ऊस, आन् रस्त्यावर चिटपाखरू न्हाय.

एके ठिकाणी रस्त्याला जरा उंचवटा लागला. नईमनं ब्रेक दाबला.

"हेच! हेच फाटक. नाजनीन, स्कूटी हितं मधोमध लाव आन् बसून ऱ्हा. हालू नको."

"मधोमध? आन् कुणी आलं म्हंजे?"

"ह्या रस्त्यानं आता कोण येतंय?"

घरात त्यांचं दखनी चालतं, मी आपलं माझ्या तोंडानं सांगतो. त्यांचं काम कसं, तर फोन जवळ ठेवून चाललं की नकाशावर आपोआप रेघ उमटती. एका जागी थांबलं की ती जागा पक्की व्हती. म्हणून नाजनीनचा फोन फाटकावर थांबवायचा, आन् आपला फोन घेऊन ह्यानं भरावानं खाणीकडं जायचं. तिच्या फोनवर त्यानंच ते चालू केलं. पाच मिनिटं म्हणला आन् गेला. आता बघा लेकरांनो, हौसेपायी पोरानं काय केलं. स्वतःची बायको आडरानात आणली आन् रेल्वेच्या फाटकावर मधोमध बसवली.

भरावानं थोडं गेल्यावर दगडी जोतं लागलं. गेटमनच्या खोलीचं असणार. त्याच्यावर कांबळं पांघरून एक म्हातारा बसला व्हता. नईमला वाटलं राखणदार असंल उसाचा.

"बाबा, हितं रेल्वे व्हती न्हवं?"

म्हाताऱ्यानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

"गाडी कवा बंद झाली?"

म्हातारा बोलला. "गाडी बंदद."

कानडी माणूस. मोडकंतोडकं मराठी बोलतोय, असं वाटलं नईमला. सोलापुरात वाढलेलं पोरगं, मराठी येतं, उर्दू येतं, पेठेतलं तेलुगू बी दोन-चार शब्द येतं. कानडीच्या नावानं शंख. तो खूश झाला.

"व्हय, बंद. पण कवापासनं?"

"गाडी बंदद… गाडी बंदद."

आता म्हातारा त्याच्याकडं बघत नव्हता. त्याच्या पाठीमागं, खाणीकडं बघत व्हता. मग कांबळ्यातनं एक हात बाहेर काढला. रस्त्याकडं वळला. आन् दारातल्या कोंबड्या हाकलाव्यात तसा हात हालवायला लागला. लगालगा… लगालगा…

नईमला काय त्याचं! त्यानं बायकोला फोन लावला.

"घावलं गं! गेटमनची खोली बी घावली. हितं एक म्हातारा बसलाय, तो बी म्हणतोय गाडी बंद."

"बरं झालं. या आता. मला हितं बरं वाटत न्हाय."

"का गं?"

"स्कूटी थरथरतीय. बंद हाय, तरी थरथरतीय."

"वारं असंल."

"ऊस कुटं हालतोय? …अवो, म्हातारा काय म्हणला म्हणला?"

"म्हणला ना, गाडी बंद."

"त्याच्या तोंडचं सांगा. जसंच्या तसं."

"गाडी बंदद."

तिकडं ती तेच दोन शब्द स्वतःशी पुटपुटली.

"नाजनीन?"

"अवो…"

"बोल की."

"बंदद म्हंजे बंद न्हाय." तिचा आवाज पार बारीक झाला. "आमच्या गावाकडं, कानडीत, बंदद म्हंजे… आली. गाडी आली."

नईमनं जोत्याकडं बघितलं. म्हातारा उभा ऱ्हायला व्हता. हात तसाच हालत व्हता. तोंड उघडं… आवाज न्हाय.

मग पायाखालची खडी हालली.

आधी थोडी. मग सगळा भराव. कोळशाचा वास आला. गरम वाफ आली अंगावर. दिसलं काय न्हाय. चांदणं लख्ख, बाभळी जागच्या जागी… आन् काहीतरी त्याच्या शेजारनं गेलं. हातभर अंतरावरनं. जड. लांबलचक. संपता संपंना.

ते रस्त्याकडं गेलं.

नाजनीनकडं.

नईम पळाला. "उतर! नाजनीन, उतर!" काट्यात पाय फाटले, चप्पल गेली. फोन कानाला तसाच. फोनमधनं खडखडाट… नुसता खडखडाट… आन् तिची एक हाक.

मग कायच न्हाय.

मला सांगताना हितं रडला पोरगा. म्हणला, "काका, तेवढ्या पळण्यात मी एकच म्हणत व्हतो, मी बसवलं तिला तितं. मी बसवलं."

रस्त्यावर आला तर स्कूटी उभी. जशीच्या तशी, ओरखडा न्हाय. नाजनीन न्हाय. नावानं ओरडला. दोनदा. तिसऱ्यांदा चरीतनं हात वर आला. पलीकडच्या चरीत, चिखलात बसली व्हती, गुडघे पोटाशी धरून. जित्ती. त्याचा जीव भांड्यात पडला. तिला उचलली, उराशी धरली. ती एवढंच म्हणली, "मी अर्थ सांगितला आन् माझं मीच ऐकलं. म्हणून उडी टाकली."

माहेरच्या गावची भाषा आली म्हणून वाचली पोरगी. सासरची असती तर बसून ऱ्हायली असती.

"फोन कुटंय तुझा? पडला?"

"पडला न्हाय."

"मग?"

"हातातनं घेतला…"

"कुणी?"

तिनं तोंड त्याच्या खांद्यात लपवलं.

त्यानं तिच्या नंबरला रिंग दिली. रिंग जात व्हती. रस्त्यावर, उसात, चरीत, कुटंच आवाज न्हाय. तिनं त्याची बाही ओढली. "चला. आधी हितनं चला."

मध्यरात्रीच्या आत घरी आली. खालचं गेट मी उघडलं, पोरीचं तोंड बघितलं आन् मथुराबाईला हाक मारली. मथुराबाईनं तिला आमच्याकडं घेतली, आंघोळ घातली, शेजारी झोपवली. रातभर तिचा हात धरून व्हती. नईम माझ्यासमोर खुर्चीवर बसून ऱ्हायला, मी त्याच्यासमोर.

उजाडल्यावर मी त्याच्यासंगं गेलो. हे माझ्या डोळ्यानं बघितल्यालं हाय. उंचवटा बघितला, उसात शिरलो, दोन्ही चरी काठीनं ढवळल्या. फोन न्हाय. मी म्हणलं, चल, उचलला कुणीतरी, नवा घे. बायको हाय न्हवं? फोन गेला तर गेला.

घरी आल्यावर त्यानं लॅपटॉप आमच्याकडं आणून उघडला. त्या फोनची रेघ चालू ऱ्हायली व्हती ना. फोन जितं जाईल तितली खबर लॅपटॉपवर येत व्हती. मला म्हणला, "काका, चोर कुटं गेला ते कळंल."

रेघ दिसली. फाटकावर ठिपका, थोडा वेळ जागच्या जागी. मग निघाली. खाणीकडं न्हाय, रस्त्याच्या पलीकडं, मोठ्या लाइनीच्या दिशेला. सरळ, पट्टी लावून वढल्यागत. उसातनं गेली. एका विहिरीच्या मधोमध गेली. एका घराच्या मागच्या भिंतीतनं शिरली आन् पुढच्या भिंतीतनं निघाली. चाल एकसारखी. ना कुटं अडखळली, ना वळली.

मी म्हणलं, मशीन बिघडलं असंल. आत नाजनीन अजून निजली व्हती, मथुराबाई तिच्या केसातनं हात फिरवत व्हती. मी दार लोटून घेतलं. नईमनं रेघ पुढं सरकवली.

मोठ्या लाइनीपाशी ती थांबली. आन् परत फिरली. त्याच रेघेवरनं. भिंतीतनं… विहिरीवरनं… उसातनं… परत फाटकावर आली. आमी हितं खुर्च्यांवर बसलो व्हतो, तवा.

आन् तितं थांबली.

नाजनीनला जितं बसवली व्हती, बरोबर तितं. पहाटंपर्यंत थांबून व्हती. बॅटरी संपंस्तवर.