भूल देण्यापूर्वीचा चहा

रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळला गेला आणि त्याच क्षणी किल्लीवाल्याने मान वर केली. समोर परिचारिका उभी होती. शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक रुग्णास तपासून तयार करणे, हे तिचे काम.

“रात्री झोप लागली?”

“हो... म्हणजे, नाही.”

“भीती वाटते?”

आई गेल्यापासून असे प्रश्न किल्लीवाल्यास कोणीही विचारले नव्हते. त्याच्या खोलीत स्टोव्ह होता, खाट होती. विचारणारे माणूस तेवढे नव्हते.

“सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?”

“चहा. दोन बिस्किटं.”

परिचारिकेने कपाळावर हात मारला. भरल्या पोटी भूल देता येत नाही. हर्नियाची शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलली गेली.

पुढील आठवड्यात तो केस नीट विंचरून आला. पुन्हा तेच मृदू प्रश्न... आणि पुन्हा चहा! तिसऱ्या खेपेस मात्र तिने पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला.

“अहो, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल! एवढा कसला चहाचा सोस?”

“चहाचा नाही हो, सिस्टर...” तो चष्मा पुसू लागला. “एकदा ऑपरेशन झालं, की मला कोण विचारणार — झोपलात का, जेवलात का?”

बाहेर ट्रॉलीची चाके करकरत गेली. परिचारिका उगाच पडदा सारखा करीत राहिली. तिच्याही खोलीचे कुलूप रोज संध्याकाळी तिलाच उघडावे लागत असे.

“भारीच आगाऊ आहात,” ती हळूच म्हणाली. “उद्या उपाशी या. तुम्हाला दुसरी सिस्टर तपासेल. ती ओरडते हं!”

“माझ्यावर रागावलात?”

“नाही. इथली रीत आहे — आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही. हात थरथरतो.”

“आपल्या...?”

“कळलं ना? मग निघा आता.”

दुसऱ्या दिवशी किल्लीवाला खरोखरच उपाशीपोटी आला. दुसऱ्या सिस्टरने यथेच्छ ओरडून त्याचा चष्मा काढून घेतला. ट्रॉली शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी थांबली, तेव्हा त्यास सारे जग धूसर दिसत होते. इतक्यात नातेवाइकांच्या बाकावरून एक पिवळी साडी लगबगीने उठली.

“डोळे बारीक करून काय बघताय?” तिने त्याच्या अंगावरील चादर हनुवटीपर्यंत ओढली. “जा आत. रजा टाकलीय मी... इथेच बसलेय.”