मूठभर हलवा

बारवी धरणाच्या रस्त्यावर मोरीच्या कठड्यावर बसून मी फ्रुटी पीत होते, तेव्हा यज्ञेश पहिल्यांदा माझ्यासमोर थांबला. रविवारची सकाळ, शेतांवर धुकं, आणि घामेजलेल्या टी-शर्टातला हा माणूस सल्ला द्यायच्या बेतात.

"धावता धावता फ्रुटी? अशाने वजन कसं कमी होणार, मॅडम?"

"वजन कमी करायला कोण धावतंय?"

"मग?"

"एकवीस किलोमीटर पूर्ण करायला. जानेवारीअखेर रेस आहे."

तो ओशाळला. ओशाळल्यावर त्याच्या एकाच गालाला खळी पडते, हे मला दिसलं. मी ते लक्षात ठेवलं असं मात्र नाही... बरं, ठेवलं.

आम्ही दोघं बदलापूरचेच, तो मांजर्लीचा, मी खरवईची. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो सेफ्टी ऑफिसर. जिथेतिथे धोका शोधायचा आणि पाटी लावायची, हेच त्याचं काम. पुढच्या रविवारी तो त्याच मोरीपाशी 'सहज' उभा होता. त्याच्या पुढच्याही. माझ्या वेगाने धावायचा आणि दम लागल्याचं नाटक छान करायचा.

माझ्या दंडावर एक सेन्सर असतो, तो मी लांब बाहीखाली झाकायचे. रक्तातली साखर कमी झाली की फोन ओरडतो. एके रविवारी तो ओरडलाच. मग मी सांगून टाकलं – टाइप वन डायबेटीस, दहावीपासून, रोज इन्सुलिन. सांगताना त्याच्याकडे पाहिलं नाही. हे कळलं की माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागतात. दोन स्थळं तर चहाचा कप अर्धा ठेवून उठली होती. आई अजून म्हणते, बाई गं, धावलीस तेवढं पुरे. मला 'पुरे' न म्हणणारं कुणीतरी हवं होतं, एवढंच.

पुढच्या रविवारी यज्ञेश डबा घेऊन आला.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर फोन पुन्हा ओरडला. मी थांबले. त्याने घाईघाईने डबा उघडला.

"घे. आईने खास तुझ्यासाठी केलेत. मेथीचे लाडू. साखर नाही, गूळ नाही, खजूरसुद्धा नाही. एकदम सेफ."

ओठ बधिर होत होते, तरी मला हसू आलं. "यज्ञेश, माझी शुगर लो झालीय."

"हो, म्हणूनच तर..."

"लो झाल्यावर साखर खायची असते. हे म्हणजे आग लागल्यावर 'धूम्रपान करू नये'ची पाटी लावणं झालं."

मी माझी फ्रुटी काढून प्यायले. तो पांढराफटक पडला होता. आणि मग नेमकं नको तेच बोलला, "यार राजसी, एवढी रिस्क कशाला? बस झालं ना. रेस नको करू."

"हे सांगायला घरी आई आहे," मी म्हणाले.

साखर वर आल्यावर मी एकटीच निघाले, आणि त्यानंतर रस्ताच बदलला. बरं वाटलं असं सांगू? नाही वाटलं. त्याची आठवण येत होती, चांगलीच येत होती.

मग संक्रांत आली. संक्रांतीला नातेवाईक मला हलवा देतात तो असा – तळहातावर एकच दाणा. 'तुला चालत नाही ना गं.' वर गोड बोल म्हणतात. नंतरच्या रविवारी शर्यतीआधीची शेवटची लांब धाव होती. त्यासाठी जुनाच रस्ता बरा, असं मी स्वतःला पटवलं.

तो मोरीपाशी होताच.

"लो म्हणजे काय ते नीट वाचलंय मी," तो म्हणाला. "शिकवायला नाही आलो. सोबत येऊ?"

"मध्येच थांब म्हणालास तर?"

"नाही म्हणणार. तू थांबलीस की मी थांबेन. बस."

येताना फोन ओरडला. मी थांबले, तो थांबला. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली.

"हात पुढे कर."

पांढराशुभ्र, काटेरी हलवा. मूठभर.

"जवळजवळ सगळी साखरच आहे. आईला विचारून खात्री केलीय. अजून हवा तर सांग."

इतका हलवा मला दहावीनंतर कुणी दिला नव्हता. डोळे भरून आले. लो शुगरमुळे, असं म्हणता आलं असतं, पण तसं नव्हतं. मी कठड्यावर बसून कडाकड चावत राहिले. तो शेजारी बसून बुटाची नाडी सोडत होता, पुन्हा बांधत होता.

"तिळगूळ घे, गोड बोल... म्हणायचं राहिलं," तो म्हणाला.

"घेतला की. आता तू बोल."

"नवी नवरी पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालते ना?"

"घालते. मग?"

"नाही, म्हणजे... सेफ्टीच्या दृष्टीने मला ते फार पटले. हार, बांगड्या, बाजूबंद. लो आली की तोडायचं आणि खायचं." नजर अजून नाडीवरच. "पुढच्या संक्रांतीला... तुझ्यासाठी करायला सांगू आईला?"

मी फोन पाहिला. साखर वर आली होती. धावायला हरकत नव्हती. मी उठून उभी राहिले.

"सांग. मंगळसूत्र मात्र सोन्याचं हवं," मी म्हणाले. "हलव्याचं असलं आणि चुकून खाल्लं तर पंचाईत."

त्याच्या गालाला खळी पडली. उरलेली पुडी त्याने माझ्या हातात दिली आणि आम्ही बदलापूरच्या दिशेने निघालो. दम लागल्याचं नाटक त्याला या वेळी जमलं नाही, खराच लागला होता.