केतकी आऊट!

चंद्रावर लगोरी खेळलात का कधी? नसाल, तर सांगतो. चेंडू लागला की सातही ठिकऱ्या उडतात आणि खाली यायचं विसरल्यासारख्या हवेत रेंगाळतात. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या एक षष्ठांश. त्यामुळे तेवढ्याच उंचीवरून पडायला इथे जवळजवळ अडीचपट वेळ लागतो. आम्ही पळतो तेही तरंगत. घुमटाच्या काचेतून वर पाहिलं की काळ्याभोर आकाशात निळी पृथ्वी, रोज त्याच जागी, कोणी खुंटीला अडकवून ठेवल्यासारखी.

आमच्या घुमटात आम्ही सहा मुलं. मी निषाद, वय अकरा. माझी धाकटी बहीण केतकी, वय आठ. आणि या केतकीचं एक कोडं कोणालाच सुटत नव्हतं.

ठकी नावाच्या यंत्रमानवाबरोबर ती तासभर ठिकऱ्या रचायची. एक ठिकरी ठकीची, एक केतकीची. चुकायची नाही, कंटाळायची नाही. आमच्यात खेळायला आली, की मात्र दहा मिनिटांत डाव सोडून कोपऱ्यात जाऊन बसायची आणि हातावर हात घासत राहायची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी रिंगणाशी हजर! खेळायचं नसेल तर येते कशाला? आणि खेळायचं असेल तर जाते कशाला?

कोडं लवकर सुटायला हवं होतं, कारण आई म्हणाली होती, "इथे तिला एकही सवंगडी मिळत नसेल, तर पुढच्या यानाने आपण पृथ्वीवर परत जाऊ." यान यायला बारा दिवस होते. आईने बॅग भरायला घेतली, की केतकी तिच्यातून आपले मोजे काढायची आणि गुपचूप परत खणात ठेवायची. रोज.

शेवटी मी दिवेकर आजोबांकडे गेलो. ते आमचे सख्खे आजोबा नव्हेत, पण घुमटातल्या सगळ्या मुलांचे आजोबा तेच. ठकी त्यांनीच बनवलेली. त्यांच्या खोलीत कायम तारांचा गुंता आणि आल्याच्या चहाचा वास.

"आजोबा, ठकीत असं काय आहे, जे आमच्यात नाही?"

"ठकीत काय नाही, ते विचार," आजोबा म्हणाले. "तिला घाई नाही. काय गं ठकी, काल काय पाहिलंस?"

कोपऱ्यात उभ्या असलेल्या ठकीचे हिरवे दिवे लुकलुकले. "काल निषादने केतकीला तीन प्रश्न विचारले. उत्तरासाठी तो प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबला. केतकीला उत्तर द्यायला अकरा सेकंद लागतात. तिने तिन्ही उत्तरं दिली. तेव्हा तिथे कोणी नव्हतं."

माझे कान तापले.

"हे बघ," आजोबा म्हणाले, "केतकीला ऑटिझम आहे, हे तुला ठाऊकच आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द फारसा पटत नाही, कारण ती काही नुसती स्वतःतच मग्न नसते. तिचा मेंदू आवाज, उजेड, स्पर्श आणि माणसांच्या खाणाखुणा यांचा अर्थ वेगळ्या रीतीने लावतो. तुम्ही डोळ्यांनी खुणावता, अर्धं वाक्य बोलता, मध्येच नियम बदलता. बाकीच्यांना ते न सांगता कळतं. तिला सांगावं लागतं. आणि प्रत्येक ऑटिस्टिक मूल निराळं, बरं का. म्हणून मला विचारू नकोस. तिला विचार. आणि थांब."

केतकी रिंगणाशीच होती, सातवी ठिकरी सरळ करत. मी तिच्या शेजारी बसलो. समोर नाही, शेजारी. समोरून कोणी रोखून पाहिलेलं तिला नको वाटतं.

"केतकी, तू डाव सोडून का जातेस?"

एक, दोन, तीन... पाचाला माझी जीभ वळवळायला लागली. साताला वाटलं, तिने ऐकलंच नाही. नऊ. दहा.

"चेंडू माझ्या पायाला लागला," ठिकरीकडेच बघत ती म्हणाली. "लागला की आऊट. तू म्हणालास, केतकीला चालतं. नियमात तसं नाहीये. मग मी खेळतच नाहीये."

पहिल्याच दिवशी मीच तर सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं, "केतकी कच्चं लिंबू!" (कच्चं लिंबू म्हणजे खेळात घेतलेला, पण कधीच आऊट न होणारा लहान भिडू.) किती प्रेमाने सांगितलं होतं! आणि तिला कळलं होतं की आपला डाव कोणी मोजतच नाही. मला इतकं वाईट वाटलं, की रडूच आलं. केतकीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हातातली ठिकरी माझ्या हातात ठेवली. माझी पाळी होती.

"मग खेळ सोडूनच देऊ या का?" मी पुन्हा आजोबांकडे जाऊन विचारलं.

"छे! खेळच तर हवा. खेळात आपल्या पाळीची वाट बघावी लागते. हरलं तर सोसावं लागतं. आणि संयुक्त लक्ष (दोघांनी एकाच वस्तूकडे बघणं, आणि आपण दोघं तिकडे बघतोय हे दोघांनाही ठाऊक असणं) तर लगोरीइतकं कशात नाही. हातांनी वस्तू बनवण्यातही तसंच. हात कामात असले, की डोळ्यांत बघून बोलायची सक्ती नाही, आणि कात्री हवी तर मागावी लागतेच. फक्त एक लक्षात ठेव, शिकायचं दोन्हीकडून. तिने निम्मं, तुम्ही निम्मं."

दुसऱ्या दिवशी आम्ही नवा चेंडू बनवायला बसलो. जुन्या रबरी चेंडूचा आवाज घुमटात असा घुमायचा, की केतकी कानांवर हात ठेवायची. हेही आम्ही विचारलं, तेव्हाच कळलं. फाटक्या कपड्यांच्या पट्ट्या काढल्या आणि गोल करून बसलो. प्रत्येकाने एक पट्टी गुंडाळायची, "आता तुझी पाळी" म्हणायचं आणि चेंडू पुढे द्यायचा.

पहिला दिवस फसला. आमच्यातले मिताली आणि फरहान एकदम बोलायला लागले, हशा पिकला आणि केतकी उठून गेली. फरहान वैतागला. "आपण काय रोज चेंडूच गुंडाळत बसायचं?"

ठकी म्हणाली, "केतकी अकरा मिनिटं बसली. लगोरीत दहा."

मग आम्ही पुठ्ठ्यावर खेळाचे नियम चित्रांनी काढले, अगदी ओळीने. शेवटच्या चौकोनात केतकीने स्वतः एक कान काढला. फार आवाज झाला की तिने त्यावर बोट ठेवायचं आणि सगळ्यांनी गप्प व्हायचं. गंमत म्हणजे ते चित्र फरहानलाच जास्त उपयोगी पडलं. त्यालाही गोंगाटाने डोकं दुखायचं, पण सांगायची लाज वाटायची. सहाव्या दिवशी केतकीने पट्टी गुंडाळली, चेंडू फरहानपुढे धरला आणि म्हणाली, "आता तुझी पाळी." फरहान त्या वेळी भलतीकडेच बघत होता. केतकी थांबली. तो वळेपर्यंत चेंडू धरून थांबली.

बाराव्या दिवशी यान उतरलं. आईची बॅग दाराशी होती. "एक डाव," मी आईला म्हटलं. "एकच बघ."

चिंध्यांचा चेंडू गेला, ठिकऱ्या उडाल्या आणि निळसर उजेडात सावकाश खाली आल्या. केतकी तरंगत धावली. एक ठिकरी, दुसरी, तिसरी. चौथी ठेवताना फरहानचा चेंडू अलगद आला आणि तिच्या पोटरीला लागला.

सगळे थिजले. केतकीचा चेहरा लाल झाला, डोळे भरले. माझ्या तोंडाशी शब्द आलेच होते, "चालतं, चालतं, खेळ तू!" ते कसे गिळले, माझं मला ठाऊक. मी मनात आकडे मोजायला लागलो.

"केतकी आऊट," फरहान हळूच म्हणाला.

केतकीने डोळे पुसले. पुठ्ठ्याजवळ गेली, चित्रावर बोट ठेवून नियम पुन्हा पाहिला. अकरा.

"आऊट," ती म्हणाली. मग मोठ्याने, "मी आऊट! मी आऊट झाले!" आणि रेषेबाहेर जाऊन, गाल ओलेच ठेवून, आपल्या संघाकडे बघत चवड्यांवर उड्या मारायला लागली. चंद्रावरच्या उड्या त्या, चांगल्या उंच गेल्या.

आईने बॅग उघडली, केतकीचे मोजे काढले आणि खणात ठेवायला निघाली.

तेवढ्यात ठकी पुढे सरकली. "मला खेळायचं आहे. मला पळता येत नाही."

"मग ठकी कच्चं लिंबू," मिताली म्हणाली.

"नाही," केतकी म्हणाली. या वेळी तिला अकरा सेकंद लागले नाहीत. "ठकीपण आऊट होणार."

यानातून एक नवी मुलगी उतरली होती. दाराशी उभी राहून आम्हाला बघत होती. केतकीने चिंध्यांच्या टोपलीतून एक पिवळी पट्टी काढली आणि तिच्यासाठी बाजूला ठेवली.