चारची बदली

बसा हो, उभ्या उभ्या काय सांगायचं. पंखा लावतो. आमचा जिना जरा उभाच आहे. माझ्याकडे येणारे निम्मे लोक वर येऊन धापा टाकतात आणि म्हणतात, कुलथे साहेब, अपंगत्वाचा अर्ज भरून द्या. मी म्हणतो, एवढा जिना चढून आलात, आता काय डोंबल भरून देऊ?

मी शामसुंदर कुलथे. फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होतो. बंदूक वर्षातून एकदा, तीही परीक्षेपुरती. पहारा तर एक दिवस दिला नाही, त्यावरून जवान माझी यथेच्छ टिंगल करायचे. निवृत्त झाल्यावर देवळाली कॅम्पच्या बाजारात, वर्दी शिवणाऱ्या टेलरच्या डोक्यावर ही खोली घेतली आणि माजी सैनिकांचे अर्ज, अपिलं लिहायला बसलो. ज्याचा पाय गेला त्याचं काम सोपं. पाय नाही, हे डॉक्टरांच्या बोर्डाला दिसतं. मनाचं काम अवघड. एखाद्याचं मन तिकडं बर्फातच राहिलं, तर ते त्यानं पिशवीत घालून आणायचं का?

धनराज बागुलचं तसंच होतं. कळवणजवळच्या एका गावचा, वय चौतीस, अंगानं धडधाकट. फौजेनं त्याला मनाच्या आजारावर घरी पाठवलं आणि पहिल्या बोर्डानं शेरा मारला, आजाराचा सेवेशी संबंध नाही, कारणं घरगुती. त्याची बायको ललिता माझ्यासमोर तो कागद आपटून म्हणाली होती, "घरगुती म्हंजे काय, मी केलं का हे? पेन्शनीचं जाऊ द्या साहेब. गावात ह्यांना येडा म्हणत्यात. हा माणूस ड्यूटीवर मोडला, एवढं सरकारनं लिहून द्यावं." मला ती बाई फार आवडली.

अपिलाचं बोर्ड एप्रिलात लागलं. त्यापुढं धनराजनं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं होतं, काय घडलं आणि तेव्हापासून काय होतंय. नाहीतर फाईल कायमची बंद. आणि धनराज तर मुक्यासारखा. त्याचं एकच ठरलेलं होतं. रोज दुपारी चारला दहा कमी असताना उठायचं, बुटाच्या नाड्या आवळायच्या आणि चालायला लागायचं. एकदा कांद्याच्या वावरातून निघाला तो थेट एसटी स्टँडवर सापडला. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं? हा म्हणाला, वर.

बोर्डाच्या आदल्या दिवशी दोघं माझ्याकडे आली. ऊन असं की खालचा टेलरसुद्धा शटर अर्धं ओढून आडवा झाला होता. दुपारी आमचा बाजार झोपतो, कुत्रंही भुंकत नाही. ललिता झेरॉक्स काढायला गेली आणि खोलीत आम्ही दोघंच राहिलो. मी पेन उघडून बसलो. गोड बोललो, रागावलो, त्याच्या गावच्या यात्रेचा विषय काढून पाहिला. तो भिंतीकडे बघत राहिला.

चारला दहा कमी झाले. तो खाली वाकला आणि नाड्या आवळायला लागला.

"धनराज, कुठं निघालास?"

"नाथाला सोडवायचंय," तो हळूच म्हणाला. "चारची बदली माझी हाय."

नाथा कोण, ते मला फाईलमधून माहीत होतं. सीमेवरच्या बर्फातल्या पोस्टवर हे दोघंच, आलटून पालटून दोन दोन तास. पाच वर्षांपूर्वी दुपारी दोन ते चार नाथाचा पहारा होता आणि धनराज बंकरमध्ये झोपला होता. साडेतीनला बर्फाचा कडा कोसळला. धनराजला नऊ तासांनी जिवंत काढलं, नाथा बारा दिवसांनी सापडला. फाईलमध्ये एवढ्या चारच ओळी. पण फौजेतला साधा नियम त्यात कोण लिहिणार? बदली येऊन चार्ज घेत नाही तोवर पहारेकरी जागा सोडत नाही, मग आभाळ कोसळो. धनराजची बदली गेलीच नव्हती. म्हणजे नाथा अजून तिथंच उभा.

आता आम्हा क्लार्क लोकांना एक खोड असते. कुठलंही लचांड चार्ज दिला-घेतला की मिटतं, असं आम्हाला वाटतं. मी म्हणालो, "तू बस. चारची ड्यूटी मी घेतो."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "घेता?"

"घेतो म्हणालो ना. सांग, उभं कुठं राहायचं?"

त्यानं मला दारात, जिन्याकडे पाठ करून उभं केलं. माझे खांदे धरून सरळ केले. मला मनातून हसू येत होतं. अडुसष्ट वर्षांचा क्लार्क, पोट पुढं, हातात बंदुकीच्या जागी मोजपट्टी. शेकडो पोरांना मी शिकवलंय की काय ताब्यात घेताय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करू नका. आणि स्वतः मात्र बघितलं नाही.

"पोस्टवर हालचाल नाय," धनराज माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला. "वारा उत्तरेचा. ड्यूटी सँभालो."

"सँभाल ली," मी म्हणालो.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईनासा झाला. मग वास आला... रॉकेलचा, ओल्या लोकरीचा. एप्रिलच्या भर दुपारी माझ्या तोंडातून वाफ निघाली. आणि माझ्या पाठीमागे, अगदी कानाजवळ, कुणीतरी खूप दमलेल्या माणसानं श्वास सोडला. मी वळलो नाही. वळायची हिंमतच झाली नाही. जड बूट एक एक पायरी उतरत गेले... मध्ये थांबले... परत उतरले.

खालून ललिता झेरॉक्स घेऊन वर आली. तिच्या दोन्ही दंडांवर काटा उभा होता. ती एवढंच म्हणाली, "जिना एवढा गार कशानं पडलाय हो?"

धनराज ढसाढसा रडायला लागला आणि रडता रडता बोलायला लागला. दोन तास बोलला. मी नऊ पानं लिहिली, बोटं आखडली तरी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी बोर्डापुढं तो त्याहून जास्त बोलला. दोन महिन्यांनी कागद आला, आजार सेवेमुळेच. ललितानं तो फ्रेम करून ओट्यावर टांगला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावते. मला पेढे आणून दिले आणि म्हणाली, "कागद आल्यापासून दुपारचे घोरत्यात. ऐकवत नाय." असा आनंद मला माझ्या स्वतःच्या पेन्शनचाही झाला नव्हता.

पेढे संपले त्याच आठवड्यात, संध्याकाळी सहाला, जिन्यावर पावलं वाजली. वरपर्यंत आली आणि दाराबाहेर थांबली. दार उघडंच होतं आणि दारात कुणी नव्हतं. पायाची बोटं गार पडली तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. चार ते सहा ड्यूटी माझी. सहाला मला सोडवायला कुणीतरी येणारच. पोस्टवर दोघंच होते, त्यातला नाथा सुटला. मग राहिला कोण?

मी जन्मात पहिल्यांदा पहारेकऱ्याचे ते शब्द उच्चारले. "थम. कौन आता है?"

"धनराज," बाहेरून आवाज आला. "बदली."

मी ललिताला फोन लावला. ती म्हणाली, "झोपलेत की, माझ्यासमोरच हायेत. उठवू का?" पांघरूण सारल्याचा आवाज आला. "साहेब... ह्यांचे पाय बर्फावाणी कशानं लागत्यात?"

मी फोन छातीशी धरला आणि दाराकडे बघून म्हणालो, "बदली नको. माझी ड्यूटी चालू आहे. जा, झोप जा." मग पावलं उतरली. फोनवर ललिता म्हणाली, पाय गरम होतायत.

तेव्हापासून मी रविवारीसुद्धा दुकान उघडतो. बायको म्हणते, एवढी कसली गिऱ्हाइकं येतात या वयात? सहाला मी तेच सांगतो, पावलं मुकाट्यानं जातात, आणि खरं सांगू, मला त्याची मजाही वाटायला लागली होती. चोवीस वर्षांचा पहारा एकदम फिटतोय म्हणायचं.

काल मात्र पावलं जाता जाता पहिल्या पायरीवर थांबली. धनराजचाच आवाज, अगदी हळू, काळजीचा.

"साहेब... मग तुम्हाला कोण सोडवणार?"