वाळूत थांबायचं नसतं

इंजिन बंद पडलं होतं. कोरड्या नदीच्या मधोमध त्याचा ट्रक मागच्या चाकांवर रुतून बसला होता. दहा पावलांवर मी, छातीशी वह्या धरून. चैत्राचं ऊन वाळूवर निःशब्द थरथरत होतं...

“आता रेस देऊ नका,” मी म्हणाले. “फिरेल तेवढं चाक खाली जाईल.”

तो उतरला. जिनेश — ओतूरच्या बारदानवाल्या कन्हैयालालशेठचा मुलगा. कॉलेजला जाताना त्यांचं दुकान रोज लागे; तागाच्या पोत्यांच्या थप्प्यांआडून उचलली जाणारी ती नजर मला ओळखीची होती. बोलणं मात्र आज पहिलंच.

“पप्पांनी पहिल्यांदाच एकट्याकडे गाडी दिली,” तो कसनुसं हसला. “पुलावरून जा म्हणाले होते. पण बेल्ह्याचा बाजार गाठायचा, म्हणून...”

“धरणाचं आवर्तन पहाटेच सुटलंय. तासाभरात इथं कमरेएवढं पाणी असेल.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं.

“मागच्या चाकांची हवा कमी करा,” वह्या खडकावर ठेवत मी म्हणाले. “चाक पसरलं की वाळू धरतं. अन् ते गठ्ठे सोडा.”

“नवं बारदान आहे हो! पप्पा—”

“ट्रक वाहून गेला तर पप्पा पाठ थोपटतील?”

त्यानं निमूट चाकांची हवा कमी केली आणि गठ्ठा ओढला. हातांनी आम्ही चाकांपुढची वाळू उपसली, उतार केला, त्यावर पोत्यांची दुहेरी वाट अंथरली. नदीतून बैलगाडी काढताना माझे वडील, अण्णा, चाकांखाली उसाचं पाचट घालत. आज पाचटाच्या जागी ताग होता. एकदा एकाच पोत्यावर आमचे हात आले — आणि दोघांनीही ते अकारण फार नीट अंथरलं.

काठावर शेळ्या राखणारी सोनीबाई ओरडली, “अगं इंद्रे, वरला बंधारा भरला! निघा की लवकर!”

“इंद्रे?” घाम पुसत त्यानं विचारलं.

“इंद्रायणी. तुमच्यासाठी इंद्रायणीताई.”

“ताई नको,” तो इतक्या घाईनं म्हणाला, की मला हसू लपवायला वाकावं लागलं.

“दुसरा गिअर. स्टिअरिंग सरळ. काही झालं तरी मधे थांबू नका. वाळूत थांबायचं नसतं. मघाशी थांबलात तरी कशाला?”

केबिनचं दार धरून तो घुटमळला.

“तुम्ही समोरून येत होतात... पाय आपोआप ब्रेकवर गेला.”

मी नजर वळवली. पात्राच्या वरच्या वळणावर वाळू पाण्यानं काळी पडू लागली होती.

इंजिन घुमलं. चाकं पोत्यांवर चढली, थरथरली, एकवार मागे घसरली आणि मग ट्रक संथ, अखंड लयीत काठाकडे निघाला. वह्या उचलून मी ट्रकमागे धावले. आम्ही दरडीवर पोचलो तेव्हा पाण्याची पहिली जीभ पाचोळा, फेस, वाळक्या काटक्या घेऊन आली आणि चाकांचे खड्डे, पोती, पावलं हळुवार पुसत गेली.

तो मडगार्डला टेकून लहान मुलासारखा हसला. मीही. कितीतरी वेळ.

“माझ्यापायी तुमचे तास बुडाले.”

“ट्रक तर नाही ना बुडाला.”

“आता पंधरा दिवस नदी वाहणार. कॉलेजला कशा याल?”

“पुलावरून. चार मैलांचा फेरा.”

बोटांतले तागाचे धागे सोडवत, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “पुलावर वाळू नसते. तिथं... उद्या सकाळी... थांबलं तर चालेल?”

दरडीखाली पाणी भरत होतं. माझ्याही तळव्यांना तागाचा ओलसर वास येत होता. पुलाच्या त्या लांबलचक फेऱ्याबद्दल, नवल म्हणजे, मनात आज एकही तक्रार उरली नव्हती.

मी वाळूनं भरलेल्या चपला हातात घेतल्या, आणि मुद्दाम सावकाश, गावाची चढण चढू लागले.