काळ्या खदानीत तीर डावीकडेच जातो

ही गोष्ट खरी आहे. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, मध्येच दात काढायचे नाहीत. माझ्या सख्ख्या आतेभावांच्या बाबतीत घडलेली आहे. त्यातल्या एकाच्या तिरडीला मी स्वतः खांदा दिलाय.

तारीख ३ मार्च २०२४. महाशिवरात्रीच्या आधीचा रविवार. गाव उज्जैन.

आणि हो, रात्र वगैरे नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते, ऊन चटकत होतं.

भुतं रात्रीच निघतात असं ज्याला वाटतं त्याने एकदा गढूळ पाण्यात तोंड घालून डोळे उघडावेत. हातभर पुढे...

काही नाही.

विक्रांत थोरला. टावर चौकाच्या मागे त्याचं लॅबची मशीनं दुरुस्त करायचं दुकान आहे. अपूर्व त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा, शाळेत गणित शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचं अश्लेषाशी लग्न झालं होतं. आम्ही कायस्थ प्रभू. पूर्वज शिंद्यांच्या कचेरीत लिहायला आले आणि इथेच राहिले, पण माशांचं वेड काही सुटलं नाही. उज्जैनला समुद्र कुठला आणायचा? म्हणून या दोघांनी खदान शोधली.

देवास रोडवरून आत गेलं की वीटभट्ट्यांच्या मागे दगडाची एक बंद पडलेली खदान आहे. तीस फूट पाणी, हिरवट-काळं. गावातले लोक तिला काळी खदान म्हणतात. तिथे मरळ मासा मिळतो.

विक्रांतने कुठूनतरी जुनी स्पिअरगन आणली होती. म्हणजे पाण्याखाली रबराच्या ताणावर लोखंडी तीर सोडायची बंदूक. तीराला मागे पंधरा फूट लाइन बांधलेली असते, मासा घेऊन पळू नये म्हणून.

बंदुकीत एकच खोड होती.

तीर डावीकडे जायचा.

सहा फुटांवर वीतभर डावीकडे. कोणीही मारो, अगदी पहिल्या दिवसापासून. दोघं एका सपाट दगडावरून उतरायचे आणि प्रत्येक वेळी तेच.

"दादा, तुझ्या तीराची सासुरवाडी डावीकडे आहे का रे?" अपूर्व काठावरून खिदळायचा.

"मास्कमधून सगळं मोठं आणि जवळ दिसतं, त्याचा फरक पडतो," विक्रांत म्हणायचा.

"मग कधीतरी उजवीकडेही पडू दे की तो फरक!"

विक्रांत पुन्हा मास्क चढवायचा.

पाण्यात काही दिसत नाही म्हणून त्यांचा नियम पक्का होता. एका वेळी एकच जण उतरणार. त्याच्या कमरेला पिवळी नायलॉनची दोरी, दुसरं टोक काठावरच्याच्या हातात. काठावरून दोन हिसके म्हणजे "ठीक?" खालून दोन हिसके म्हणजे "ठीक." लांब ओढ लागली की खेचायचं.

आता एक घरगुती गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथेच बिघडलं.

अपूर्व सिगारेट ओढायचा. पण थोरल्या भावासमोर कसा ओढणार? आमच्याकडे ती पद्धतच नाही. तो समोरच्या बाजूने बाहेर निघायचा, दोरी सोडायचा आणि मोठ्या खडकाआड जाऊन झुरके मारायचा. विक्रांतला सगळं माहीत होतं. तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा, हाकही मारायचा नाही. पोराला उगाच ओशाळं कशाला करायचं?

त्या दिवशी अपूर्व नुसता टेहळणीला उतरला. बंदूक काठावर. दोरी विक्रांतच्या हातात.

दोन-तीन वेळा वर आला, श्वास घेतला, खाली गेला.

मग दोरी सैल पडली.

मिनिट गेलं. पाण्यावर डोकं दिसेना. विक्रांतने खडकाकडे बघितलं, मनातल्या मनात हसला आणि मान वळवली.

हाक मारली नाही.

तेवढ्यात दगडाजवळ पाणी ढवळलं. मोठी मरळ असणार! त्याने दोरीचं टोक धोंड्याखाली दाबलं, बंदूक घेतली आणि उतरला. समोर गढुळात एक सावली होती. लांबट, करडी...

त्याने घोडा दाबला.

लाइनला एक झटका बसला. मग सैल. तीर ओढून घेतला तर रिकामा.

तो वर आला. अंग पुसलं. खडकाआडून ठसका ऐकू येईल म्हणून वाट बघितली.

ठसका आला नाही.

धुराचा वासही नाही.

त्याने पिवळी दोरी ओढली. ती आली... सरसर, काही वजनच नसल्यासारखी. टोक घासून तुटलेलं होतं.

तो खडकाकडे धावला. तिथे कोणीही नव्हतं.

चार दिवस गोताखोर, म्हणजे बुड्या मारून शोधणारे, उतरत होते. काही सापडलं नाही. शहरात शिवरात्रीची एवढी गर्दी, लाउडस्पीकर चालू, आणि आमच्या आत्याच्या घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दोरी सैल झाली, अपूर्व खडकाआड गेला असं वाटलं, एवढं विक्रांतने सगळ्यांना सांगितलं. तीर सोडल्याचं मात्र गिळून टाकलं. ते त्याने फक्त मला सांगितलं, तेही माझा हात इतका घट्ट धरून की माझी बोटं दुखायला लागली.

"ती सावली कोणाची होती रे?"

मी काय सांगणार?

"पण तीर डावीकडे जातो," तो म्हणाला. "मी नेम सावलीवर धरला होता. म्हणजे चुकला असणार. चुकलाच असणार!"

आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या मशीनमधले दोष काढले. आता स्वतःच्या बंदुकीत दोष निघावा म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता.

एका ओळखीच्या माणसाच्या शेतात ट्यूबवेलची टाकी आहे, पाणी काचेसारखं. तिथे त्याने थर्माकोलवर वर्तुळ काढून सहा फुटांवर उभं केलं आणि तीर मारला.

मधोमध.

दुसरा मधोमध. तिसराही. दहाच्या दहा तीर त्याच भोकाच्या आजूबाजूला.

त्याने तीर काचेवर लोळवून बघितला, तो जराही लटपटला नाही. दोन्ही रबर मोजले, सारखे होते. घोडा उघडला, साफ केला, परत बसवला. मनगट ढिलं ठेवून बघितलं, आवळून बघितलं. तीर सरळच जात राहिला. बंदुकीत काही म्हणजे काही दोष नव्हता. तो टाकीच्या कठड्यावर बसला आणि कपाळ बडवून घ्यायला लागला. शेतमालक धावत आला, "भैया, क्या हुआ? साँप-वाँप तो नहीं काटा?"

आता त्याच्याकडे एकच आशा उरली होती. अपूर्व त्या वेळी पाण्यात नव्हताच. तो खडकाआडच गेला होता आणि नंतर पाय घसरून पडला असेल. हेच तो अश्लेषाला समजावत होता. तेरावा तरी कसला करणार, देहच मिळाला नव्हता. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"सिगारेट ओढायला गेला असेल गं तो," विक्रांत पहिल्यांदाच उघड बोलला.

अश्लेषाने त्याच्याकडे बघितलं.

"दादा, त्याने सिगारेट संक्रांतीलाच सोडली."

"मग... मला सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? ओढतो हेच तुम्हाला माहीत नव्हतं ना!" ती रडत रडत हसली. "जानेवारीपासून एकही ओढली नाही त्याने. खडकाआड का जाईल तो?"

म्हणजे अपूर्व पाण्यातच होता.

विक्रांतने तिला तीराचं सांगितलं. सगळं. ती ओरडली नाही. तिने विचारलं, "लागला?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून या," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्याच दिवशी त्याने मला इंदूरहून बोलावून घेतलं. दोरी धरायला.

अकरा वाजता आम्ही खदानीवर पोचलो. म्हशी नुकत्याच डुंबून गेल्या होत्या, पाणी चहासारखं गढूळ. निशाण दिसणारच नाही म्हणून त्याने शक्कल काढली होती. सहा फुटी बांबूच्या एका टोकाला थर्माकोल बांधला आणि दुसऱ्या टोकाला बंदूक घट्ट जखडली. नजरेचा प्रश्नच मिटला. तीर बांबूच्या रेषेत जायलाच हवा. तो दगडावरून उतरला. मी दोरी धरली.

खट्ट.

तो वर आला. थर्माकोल कोरा होता.

लाइन डावीकडे गेली होती.

दुसरा तीर... डावीकडे. तिसरा... डावीकडे.

"चुकला!" तो पाण्यातूनच ओरडला. "अरे, इथे चुकतो हा! मी नाही मारलं त्याला!" तो इतका रडत होता की त्याला बाहेर ओढावं लागलं. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

तिथेच थांबायला हवं होतं. पण विक्रांत पडला मेकॅनिक. एक गोष्ट बदलून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने दोरी कमरेची सोडून दगडावरच टाकली आणि बांबू घेऊन समोरच्या काठावर गेला. "इथूनही डावीकडे गेला की पक्कं," असं ओरडून कडेच्या उथळ पाण्यात बांबू बुडवून त्याने तीर सोडला.

तीर उजवीकडे गेला.

त्याने जागा बदलली. खडकाच्या बाजूने मारला. तीर परत तिकडेच वळला.

लाइन कुठे जातेय ते मी या काठावरून बघत होतो. बंदूक डावीकडे ओढत नव्हती. प्रत्येक तीर एकाच जागेकडे वळत होता. आमच्या सपाट दगडाच्या डावीकडे, कपारीखाली.

विक्रांत लाइन ओढायला लागला. ती येईना. दगडात अडकलेली लाइन ढिम्म हलत नाही. ही हलत होती. थोडी यायची... मग परत जायची.

हळूच.

त्याच वेळी माझ्या हातातल्या दोरीला दोन हिसके बसले.

मी सवयीने उलट दोन दिले.

मग माझ्या लक्षात आलं. विक्रांत तर समोरच्या काठावर होता, कोरड्यात, गुडघ्यावर बसलेला. दोरीचं दुसरं टोक त्याच्या कमरेला नव्हतंच. ते दगडावरून घसरून पाण्यात गेलं होतं...

आणि दोरी ताठ होती.

मी दोरी टाकून पळालो. लाज वाटते, पण पळालो.

त्या जागेवर परत गोताखोर बोलावले. कपारीच्या आत पोकळी होती, वरून कळूच नये अशी. खदानीच्या जुन्या लोखंडी तारेत पाय गुंतलेला अपूर्व तिथे होता. अठरा दिवसांनी.

म्हातारा गोताखोर वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. "भैया, अंदर जगह बहुत है," एवढंच म्हणाला आणि पैसे न घेता निघून गेला.

रिपोर्ट आला. बुडून मृत्यू. अंगावर तीराची कसलीही जखम नाही.

चक्रतीर्थावर अग्नी दिला, राम घाटावर सगळं यथासांग केलं. घरी आल्यावर विक्रांत तो कागद घेऊन अश्लेषासमोर उभा राहिला. "लागला नव्हता. वाच. लागला नव्हता गं."

तिने कागद वाचला. घडी घालून परत दिला.

"दोरी घासून तुटली म्हणालात ना, दादा? म्हणजे तो खालून खूप वेळ ओढत असणार."

विक्रांत कागदाची घडी उलगडत राहिला.

"तेव्हा दोरी कोणाच्या हातात होती?"

त्यानंतर विक्रांतने दुकान नीट उघडलेलं नाही. तो अधूनमधून खदानीवर जातो असं आत्या सांगते. तीर अजूनही त्याच जागी जातो, असं तो स्वतः म्हणाला. अपूर्वला बाहेर काढलं, अग्नी दिला, तरीही.

मला वेगळंच छळतं. जानेवारीत अपूर्व काठावर उभा राहून दादाची टिंगल करत होता, तेव्हाही तीर तिकडेच जात होता. तेव्हा त्या कपारीत कोण होतं?

परवा रविवारी विक्रांतचा फोन आला. आवाज शांत, अगदी पूर्वीसारखा.

"येतोस का? आज खाली उतरून बघतो म्हणतो. दोरी धरायला कोणीतरी हवं."

मी नाही म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "मग धोंड्याखाली दाबून ठेवतो."

तेव्हापासून त्याचा फोन लागत नाहीये.