हिमकुंडाचा तंटा

पृथ्वीसंघाचे दूत वाघुळदेसाहेब यांना या तंट्यातून बरंच मिळणार होतं. समेट झाला की दोन्ही वसाहतींना बर्फ उपसणारी यंत्रं पृथ्वीसंघच पुरवणार, आणि सह्यांच्या फोटोत मधोमध साहेब. अकरा वर्षांच्या इरावतीला फक्त आई हवी होती.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर हिमकुंड नावाचं विवर (उल्का आदळून झालेला खड्डा) आहे. त्याच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही, म्हणून तिथे बर्फ टिकतो. त्यावरून शीतलपूर आणि ध्रुवगड या दोन वसाहती भांडल्या आणि ध्रुवगडने वाटाघाटीला जाणाऱ्यांखेरीज सगळ्यांना बोगदे बंद केले. इरावतीची आई डॉक्टर. चार दिवसांसाठी ध्रुवगडला गेली, ती चाळीस दिवस तिकडेच अडकली.

इरावती आजोबांबरोबर ‘कोपरा’ नावाच्या एकोणीस माणसांच्या तळावर राहायची. वाटाघाटी तिथेच चालल्या होत्या, कारण एकमेकांच्या दारात जायला दोघंही तयार नव्हते.

“आबा, साहेब एवढे मोठे, तरी त्यांचं कुणी ऐकत का नाही?”

बर्फाचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या आबांनी चष्मा पुसला. “मध्यस्थाला दोन गोष्टी लागतात, वजन आणि विश्वास. पूर्वी इथे यानं यायची ती फक्त यांचीच. ‘यानं थांबवू’ म्हटलं की दोघं मुकाट बसायचे. आता आणखी चौघांची यानं येतात. वजन उरलं अर्धं.”

“आणि विश्वास?”

“बर्फ किती, ते यांच्या उपग्रहाने मोजलंय. आकडे दाखवत नाहीत. वर यंत्रंही खपवायचीत.”

“मग आपण मोजू! आपल्याला कुठे काय खपवायचंय?”

“मी उद्याच जातो.”

“एकटे नाही हो! मग दोघंही तुमच्यावरच संशय घेतील. दोन्हीकडची माणसं न्या. एकाच यंत्राला दोघांचे हात लागू देत.”

दुसऱ्या दिवशी आबांनी इरावतीला शेजारी बसवून हे बैठकीत मांडलं. ध्रुवगडच्या प्रमुख कमलाक्षी बोरवणकर हसल्या. “कोपऱ्याकडे आम्हाला धमकावायला काहीच नाही. म्हणून मला चालेल.”

शीतलपूरच्या प्रमुखांनी भुवई उंचावली. “मोजणीला बावीस दिवस. तोवर उपसा बंद. प्यायचं काय?”

“आमच्या टाकीतलं,” आबा म्हणाले.

“आणि कुणी शब्द मोडला तर?”

सगळ्यांनी वाघुळदेसाहेबांकडे पाहिलं.

“म्हणजे मी नुसता राखणदार?”

“हमीदार (शब्द मोडणाऱ्याला जाब विचारणारा),” आबा म्हणाले. “तुमचं अर्धं वजन इथे लागेल, साहेब. आमच्याकडे तेवढंही नाही. पण यंत्रांचं कलम काढावं लागेल.”

साहेबांनी कराराचा मसुदा पुढे ओढला. “वरिष्ठांना काय सांगू?”

“सांगा, तंटा मिटला,” इरावती म्हणाली.

साहेबांनी कलम स्वतःच्या हाताने खोडलं.

बावीस दिवसांनी आकडे भिंतीवर लागले. बर्फ दोघांच्या अंदाजापेक्षा कमी निघाला, पण जपून वापरला तर दोघांनाही पुरण्याजोगा. दोन्ही प्रमुखांनी वाटणीवर सह्या केल्या आणि बोगदा उघडला. आईने इरावतीला उचललं आणि लगेच नाक मुरडलं.

“किती दिवस अंघोळ नाही गं?”

“बावीस. आबांचीही नाही.”

तर शेवटी किंमत मोजली ती अशी : साहेबांनी यंत्रं सोडली, दोन्ही प्रमुखांनी थोडा हट्ट सोडला आणि कोपऱ्यातल्या एकोणीस जणांनी अंघोळ.